पाण्याच्या हुकमाने उघडणारा दरवाजा

भाटघर धरणाला 81 दरवाजे आहेत आणि त्यांतले 45 स्वयंचलित आहेत. पावसाळ्यात धरण भरलं की वर्तमानपत्रांत हे आकडे छापून येतात, सोबत पांढऱ्या धारांचा फोटो असतो आणि तो पाहून भोरपासून बारामतीपर्यंत माणसं सुखावतात. मला त्या फोटोत न दिसणाऱ्या भागाबद्दल लिहायचं आहे. कवितेचं रसग्रहण आपण करतो, बंदिशीचं करतो. लोखंडी दरवाजाचं करायला हरकत नसावी. आपली समज दुसऱ्याच्या हाती कशी सोपवायची, हा प्रश्न प्रत्येक जाणत्या माणसाला कधीतरी पडतो. या दरवाजाने त्याचं जे उत्तर दिलं आहे, त्याच्याइतकं देखणं उत्तर माझ्या पाहण्यात नाही. आणि ते उत्तर जिथे अपुरं पडतं, तिथे खरी गोष्ट सुरू होते.

आधी जागा पाहू. वेळवंडी नदी नीरेला मिळण्याच्या थोडं वर भाटघर आहे. इथे 19व्या शतकाच्या अखेरीस व्हायटिंग नावाच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली दगडी धरण झालं, त्या तलावालाही त्याचंच नाव पडलं. पुढे नीरेच्या कालव्यांची तहान वाढली, तेव्हा जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला दुसरं, कितीतरी मोठं धरण उभं राहिलं. 1928 साली त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईच्या माजी गव्हर्नरांवरून ते लॉइड धरण म्हणून ओळखलं जाऊ लागलं. लांबी सुमारे 1,625 मीटर, उंची सुमारे 58 मीटर. साठा साडेतेवीस टीएमसी. जुनं धरण नव्याच्या पोटात गेलं. जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. ते याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे, तेव्हा नाव अगदी शोभून दिसतं. इथलं पाणी डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्याने फलटण-माळशिरसकडे जातं. हिर्डस मावळात आणि वेळवंड खोऱ्यात पडणारा पाऊस तिकडे ऊस होऊन उभा राहतो.

धरणाच्या माथ्यावर दरवाजे कशाला? कारण भिंत बांधून झाल्यावरही तिच्या माथ्यावर काही फूट जास्तीचं पाणी अडवता येतं आणि ते पाणी उन्हाळ्याच्या शेवटच्या आवर्तनाला सोन्याच्या मोलाचं असतं. पण पूर आला की तेच दरवाजे धोक्याचे ठरतात. वेळेत उघडले नाहीत, तर पाणी नको तिथून चढतं. घाईने उघडले, तर पाणी गेलं ते गेलं. सप्टेंबरात पाऊस ओढ देतो आणि मे महिन्यात कालवा कोरडा पडतो. म्हणजे सगळा प्रश्न नेमक्या वेळेचा आहे. आता तो 1890च्या सुमाराच्या भोर संस्थानात मांडून पाहा. रात्रीचे दोन वाजलेत, वर खोऱ्यात मुसळधार पाऊस चाललाय, टेलिफोन नाही, धरणावर कंदील घेतलेला एक चौकीदार आहे आणि निर्णय घेणारे साहेब पुण्यात झोपले आहेत. साहेबांची अक्कल त्या रात्री त्या जागी कशी पोचवायची?

जुन्या भाटघरवर जे स्वयंचलित दरवाजे बसवले, ते रेनॉल्ड या अभियंत्याच्या नावाने स्थापत्याच्या पुस्तकांत नोंदले गेले. त्यांची युक्ती अशी. दरवाजा साखळीच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला एक वजनदार भार. हा भार दगडी हौदात लोंबकळतो. हौद कोरडा असतो तेव्हा भार दरवाजापेक्षा जड असतो, म्हणून तो दरवाजाला वर ओढून धरतो आणि वाट बंद राहते. तलावाचं पाणी काठोकाठच्या ठरलेल्या पातळीला आलं की ते हौदात उतरू लागतं. भार पाण्यात बुडतो आणि हलका होतो. विहिरीतून कळशी शेंदताना ती पाण्यात असेपर्यंत हाताला जाणवत नाही आणि पाण्याबाहेर आली की एकदम खांदा ओढते, तोच हा प्रकार. भार हलका झाला की दरवाजाचं वजन वरचढ ठरतं, तो खाली सरकतो आणि पुराला वाट मिळते. पूर ओसरला की हौदात येणारं पाणी थांबतं. हौदाच्या तळाशी एक लहान भोक असतं, त्यातून हौद हळूहळू रिकामा होतो. भाराला त्याचं वजन परत मिळतं आणि दरवाजा पुन्हा वर चढतो.

एवढीच रचना आहे. आता ती सावकाश वाचू.

पहिली गोष्ट, इथे हुकूम कोण देतं? ज्या पाण्याचा धोका आहे, तेच पाणी हुकूम देतं. मध्ये निरोप्या नाही. पातळी मोजा, ती कुणाला तरी कळवा, त्याने वरच्याला विचारावं, वरच्याने होकार द्यावा, मग चाक फिरवावं, ही जी साखळी एरवी प्रत्येक खात्यात असते आणि जिच्या प्रत्येक कडीला वेळ गळत असतो, ती अभियंत्याने मुळातून काढून टाकली. आपला निर्णय त्याने वजनात आणि उंचीत लिहून ठेवला. हौदाच्या तोंडाची उंची म्हणजे ‘केव्हा’, भाराचं वजन म्हणजे ‘किती जोराने’. रात्रीच्या त्या दोन वाजता तो हजर नाही. पण त्याची विचार करण्याची रीत तिथे उभी आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. ते तळाचं भोक. उघडण्याची व्यवस्था कुणीही हुशार माणूस करेल. बंद कधी व्हायचं हे ठरवायला समज लागते. भोक मोठं ठेवलं, तर हौद भराभर रिकामा होतो, दरवाजा लगेच मिटतो, पाणी पुन्हा चढतं, दरवाजा पुन्हा पडतो, रात्रभर आदळआपट. भोक बारीक ठेवलं, तर पूर कधीचा ओसरला तरी दरवाजा उघडाच आणि उन्हाळ्याचं पाणी नदीला. पूर उतरला हे खरंच उतरला म्हणून धरायला किती वेळ थांबावं, याचा अंदाज त्या भोकाच्या मापात आहे. हा अंदाज कागदावरच्या गणिताने पुरता येत नाही. या खोऱ्यातला पाऊस कसा येतो, सरीवर सर किती अंतराने येते, डोंगरावरचं पाणी खाली पोचायला किती वेळ घेतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच तो येतो. बोटभर भोकात खोऱ्याचा स्वभाव उतरवला आहे. संगीतातला जाणकार ज्या नजरेने गायकाची विश्रांतीची जागा पाहतो, त्या नजरेने ही जागा पाहावी.

याच पुणे जिल्ह्यात काही वर्षांनी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे घडवले. खडकवासल्याच्या सांडव्यावर ते बसले आणि तलावाची साठवण पातळी 8 फुटांनी वाढली. दरवाजाचं पेटंट त्यांनी घेतलं, पण सरकारी चाकरीत असताना केलेल्या कामाचा स्वामित्वधनाचा पैसा नको म्हणून नाकारला. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्या शेजारची दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. याच काळात त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी विखरून न देता ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, त्या गटांत पिकांचं प्रमाण ठरवायचं, उसाची जागा फिरती ठेवायची. एकाच माणसाची ही दोन कामं शेजारी ठेवून पाहिली की आपल्या विषयाचं मर्म लक्षात येतं. दरवाजातली समज लोखंडात भरता आली, म्हणून तिची नक्कल पुढे ग्वाल्हेरला आणि म्हैसूरकडेही झाली. ब्लॉक पद्धतीतली समज लोखंडात भरता येण्यासारखी नव्हती. कुठल्या चारीवर कोण आधी पाणी मागणार, कुठल्या शिवारात जमीन पाणी धरते, कुणाची तक्रार खरी आणि कुणाची सवयीची, हे कालवा निरीक्षकाला आणि पाटकऱ्याला ठाऊक हवं. ती पद्धत टिकली तितकी या माणसांच्या जिवावर टिकली आणि ढिली पडली तिथे ती माणसं बदलल्यामुळे पडली, असं माझं मत आहे.

दरवाजाकडे परत येऊ. लोखंडात भरलेली समजसुद्धा आपली आपण चालत नाही. हौदाच्या त्या भोकात पाला अडकतो, गाळ बसतो. चाकांना गंज चढतो. बाजूच्या रबरी पट्ट्या उन्हाने कडक होतात. एकाच मापाचे, एकाच दिवशी बसवलेले दोन दरवाजे वीस-तीस पावसाळ्यांनंतर दोन वेगळ्या स्वभावांचे झालेले असतात. एक वेळेआधी हलतो, दुसरा अडून बसतो. हे नकाशात नसतं आणि कंत्राटदाराच्या पुस्तिकेत तर नसतंच नसतं. ते धरणावर राबलेल्या माणसांच्या हातात, कानात आणि पायांत असतं. पायांत म्हणालो ते मुद्दाम. कारण धरणाच्या पोटातल्या तपासणी गॅलरीतून रोज चालणाऱ्याला कुठली पायरी कधी ओली असते हे आधी तळव्यांना कळतं आणि मग पाझर मोजायच्या खाचेवरच्या आकड्यात दिसतं.

धरणाच्या पायथ्याला 16 मेगावॅटचं वीजगृह आहे. ते कालव्यासाठी सुटणाऱ्या पाण्यावर चालतं, म्हणजे आवर्तन असेल तशी वीज. तिथेही हेच. टर्बाइनच्या पात्यांवर पोकळीभवन सुरू झालं की आतून खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो, हे पुस्तकात असतं. पण ती खडी किती बारीक असेपर्यंत चालवायचं आणि कुठल्या आवाजाला यंत्र थांबवायचं, हे त्या यंत्रासमोर रात्रपाळ्या काढल्याशिवाय कळत नाही. कंपन मोजणारे संवेदक आले ते फार चांगलं झालं, त्यांच्या विरोधात मी एक अक्षर लिहिणार नाही. पण संवेदक कुठे बसवायचा आणि त्याच्या कुठल्या इशाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हे सांगणारा माणूस लागतोच.

या भागातल्या एका धरणावर मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची तपासणी चालू असताना मी होतो. दरवाजा थोडा उचलून पाहत होते. तरुण कनिष्ठ अभियंता हातात तपासणीचा तक्ता घेऊन उभा, आणि हॉइस्टच्या पेटीवर तळहात ठेवून एक उतारवयाचा कर्मचारी. सगळे त्याला नाना म्हणत. मोटर सुरू झाली, तारदोर ताणला, तक्त्यातले सगळे रकाने बरोबर होते. नानांनी हात न उचलता म्हटलं, “साहेब, जरा थांबा.” अभियंत्याने विचारलं, “काय झालं, नाना?” नाना म्हणाले, “झालं काही नाही. डावीकडून ओढतोय.” मीटरवर काही दिसत नव्हतं. अभियंत्याने बंद करायला सांगितलं. खाली उतरून पाहिलं, तर डाव्या खोबणीत मागच्या पुराबरोबर आलेला लाकडाचा तुकडा पाचरीसारखा बसलेला. तो काढला, ग्रीस भरलं, दरवाजा सरळ उचलला गेला. तक्त्यावर नोंद झाली: ‘दरवाजा सुस्थितीत’.

मला त्या प्रसंगात लाकडापेक्षा ‘साहेब, जरा थांबा’ एवढे तीन शब्द फार मोलाचे वाटले. जाणणारा माणूस हुद्द्याने खाली आहे आणि निर्णय घेणारा वर. वयाने पाहिलं, तर साहेब नानांच्या धाकट्या मुलाएवढा. आपल्याकडे समज वरून खाली जाते असं धरून सगळी प्रशिक्षणं आखलेली असतात: संस्थेत वर्ग, वर्गात तज्ज्ञ, तज्ज्ञाच्या हातात पुस्तिका. छत्रपती संभाजीनगरच्या ‘वाल्मी’सारखी संस्था 1980 पासून हे काम करते आहे आणि ते व्हायलाच हवं. पण धरणावरची अवघड समज खालून वर जाते. ती जाण्यासाठी खालच्याला बोलायचं धैर्य आणि वरच्याला थांबायची सवय लागते. नानांनी कारण सांगितलं नाही, त्यांना ते सांगता आलंही नसतं. ‘डावीकडून ओढतोय’ एवढंच त्यांच्या हाताला कळलं होतं. कारण विचारून, ते मिळालं नाही म्हणून यंत्र चालू ठेवणारा साहेबही असू शकला असता. हा थांबला, आणि त्या मिनिटाला तो थोडा शिकला. दोघांच्याही हे लक्षात आलं नसावं.

आता त्याच्या उलट, आपल्या खात्यांत समज सोपवायचा जो अधिकृत दस्तऐवज असतो तो वाचू. ‘चार्ज रिपोर्ट’. एकाने कार्यभार सोडला, दुसऱ्याने घेतला. सोबत याद्या: किल्ल्या, मोजमाप पुस्तकं, जडवस्तू संग्रह नोंदवही, वाहन, लेव्हल यंत्र, टेबल-खुर्च्या. प्रत्येकासमोर संख्या आणि सही. खुर्चीचा हात मोडला असेल तर तेही लिहितात. पण अमुक नंबरचा दरवाजा पहिल्या पाण्याला अडतो, हिर्डोशीला दुपारी जोराचा पाऊस झाला तर रात्री जागं राहायचं, उजव्या मोरीचा आवाज बदलला तर आधी पालापाचोळा अडवणारी जाळी बघायची, यातलं एक वाक्य त्या यादीत नसतं. धरणाची रोजची नोंदवहीही पाहा. तारीख, वेळ, पातळी, साठा, पाऊस, विसर्ग, आणि शेवटी शेरा. सगळे रकाने आकड्यांनी गच्च भरलेले आणि शेऱ्यात पानोपानी ‘निरंक’. ज्या रकान्यात माणूस बोलू शकला असता तो एकच रकाना रिकामा ठेवायची आपली शिस्त आहे. त्याला कारणही आहे: शेऱ्यात काही लिहिलं की त्याचं स्पष्टीकरण मागणारं पत्र येतं. मग शहाणा माणूस लिहीत नाही, आणि दोष त्याचा नाही.

हातात समज असलेली ही माणसं आली कुठून, हेही पाहायला हवं. महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांवर बांधकामाच्या काळात आजूबाजूच्या गावांतली, पुष्कळदा बुडालेल्या गावांतलीच माणसं रोजंदारीवर लागली. पुढे कालेलकर निवाड्याने सलग पाच वर्षं काम केलेल्यांना रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेतलं गेलं. त्यांतले कुणी चौकीदार झाले, कुणी मोजणीदार, कुणी दरवाजांवर. म्हणजे भिंतीचा दगड न् दगड बसताना ज्यांनी पाहिला तीच माणसं पुढे तिची राखण करत होती. खात्याने न ठरवता घडून आलेली ही एक विलक्षण परंपरा होती. पण या आस्थापनेतलं पद माणसाच्या नावावर असतं. तो निवृत्त झाला की पदही संपतं. त्याच्या जागी कुणी येतच नाही, तर सोपवायचं कुणाकडे? मग जागा कंत्राटी माणसाने भरते आणि कंत्राट बदललं की माणूस बदलतो. दरवाजाने आपला स्वभाव दाखवायला दोन-तीन पावसाळे लागतात. कंत्राटाची मुदत तेवढी नसते.

आता डोंगर ओलांडून वेल्ह्यात जाऊ. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, तोंडात मात्र अजून वेल्हे बसलेलं आहे. इथे आंबी नदीवर पानशेत आहे. त्याच्याबद्दल पुण्यातल्या प्रत्येक घरात काही ना काही सांगितलं जातं, पण ते बहुतेक पुराबद्दल असतं: पाणी कुठवर आलं, काय वाहून गेलं. धरणाच्या बाजूने ती गोष्ट कमी सांगितली जाते.

पानशेत मातीचं धरण. ठरल्याआधी, 1961च्या पावसाळ्यातच पाणी साठवायचं म्हणून काम पुढे रेटलं गेलं. जुलैच्या सुरुवातीला जोराचा पाऊस झाला. सुरुवातीला पाणी दिवसाला 9 मीटर या वेगाने चढलं, बारा दिवसांत 24 मीटरपर्यंत पोचलं. खालच्या मोरीचं काम अपुरं होतं. आतला पृष्ठभाग खडबडीत, दरवाजा उचलायची यंत्रणा अर्धवट. त्यामुळे पाणी हवं तसं सोडता येईना, आणि जे जात होतं ते मोरीतून एकसारखं न जाता उसळ्या मारत, दाबाचे धक्के देत जात होतं. मोरीच्या वरची भर खचू लागली. भेगा दिसल्या. अडीच तासांत धरणाचा माथा सुमारे 1.4 मीटरने खाली बसला. पाण्याची पातळी आणि माथा यांत जेमतेम 60 सेंटीमीटर उरले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती भरून माथ्यावर रचली. 12 जुलैच्या सकाळी धरण फुटलं. दुपारी खडकवासल्याची भिंत फुटली आणि पुणं पाण्याखाली गेलं. पुढे न्यायमूर्ती नाईक आयोगाचा अहवाल आला. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

घाई आणि अपुरं काम ही कारणं सगळे सांगतात, आणि ती खरीच आहेत. मला त्यांच्या आत आणखी एक गोष्ट दिसते. त्या रात्री त्या धरणाला ओळखणारं कुणी नव्हतं. असूच शकत नव्हतं. धरण प्रथमच भरत होतं. मोरीचा आवाज ‘आज वेगळा आहे’ असं म्हणायला, काल तो कसा होता हे ठाऊक असावं लागतं. तिथे कालच नव्हता. हुशार अभियंते होते, राबणारे हात होते, जिवावर उदार झालेले जवान होते. पण या भिंतीबरोबर एक पावसाळा काढलेला माणूस नव्हता. म्हणून नवं धरण टप्प्याटप्प्याने भरायचं, एका पातळीला थांबून पाहायचं, पाझर मोजायचा, मग पुढे जायचं, या रीतीला मी फार मानतो. वरवर ती भिंतीची परीक्षा असते. पण त्या थांबण्याच्या काळात माणसं भिंतीला ओळखू लागतात, हा तिचा दुसरा आणि तितकाच मोठा उपयोग. पुन्हा उभं राहिलेलं पानशेत, त्याच्या शेजारचं वरसगाव, पलीकडे कानंदीवरचं गुंजवणी ही धरणं आज दर जुलै-ऑगस्टात भरतात आणि त्यांच्या विसर्गाचे आकडे तासातासाला मोबाइलवर येतात. त्या आकड्यांमागे कुणीतरी ओळखीचा कान लावून बसलेला आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं.

जाणत्याला स्वतःलाही सगळं ठाऊक नसतं, याचा एक दाखला अमेरिकेतून येतो. तिथल्या अणुअस्त्रांत वापरला जाणारा ‘फॉगबँक’ नावाचा पदार्थ 1980च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनवला जात होता. मग कारखाना बंद झाला. पुढे पुन्हा गरज पडली, तेव्हा कागदपत्रं अपुरी आणि जाणती माणसं पांगलेली. मोठ्या खर्चाने नवा कारखाना उभारला, कृती तंतोतंत पाळली आणि तरी माल जमेना. शेवटी कळलं, जुन्या पद्धतीत कच्च्या मालातली एक अशुद्धी आपोआप आत येत होती आणि गुण तिच्यामुळे येत होता. नव्या कारखान्यात माल अधिक शुद्ध होता. जुन्या लोकांना त्या अशुद्धीचं महत्त्व कधी कळलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या आठवड्यात समोर बसवून ‘तुम्हाला काय काय येतं ते सांगा’ असं विचारायची आणि ती मुलाखत संगणकावर साठवायची हल्ली ऊर्जा कंपन्यांत पद्धत पडली आहे. ती करावी, पण तिच्यावर फार विसंबू नये असं मला वाटतं ते याचमुळे. नानांना अशा मुलाखतीत बसवलं असतं, तर त्यांनी ‘ग्रीस वेळेवर भरावं’ असं सांगितलं असतं. डावीकडून ओढणारा दरवाजा त्यांना समोर दरवाजा असतानाच आठवला असता.

खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासूनचं. तिथे देशभरच्या धरणांच्या, सांडव्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. या कामातही थापी धरणाऱ्या हाताला महत्त्व आहे, कारण सांडव्याचा वळसा लहान मापात जरा चुकला, तरी पाणी खोटं बोलतं. शास्त्रज्ञ आणि कारागीर एकाच ओल्या जमिनीवर उभे राहून तेच पाणी पाहतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहणं, समज एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची माझ्या माहितीतली एवढीच खात्रीची वाट आहे.

म्हणून भोर आणि राजगड तालुक्यांतल्या धरणांची, वीजगृहांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निवृत्त होणारा आणि त्याच्या जागी येणारा यांना एक अख्खा पावसाळा एकत्र मिळू द्या. मे महिन्यातल्या तपासणीपासून पाऊस संपल्यानंतरच्या तपासणीपर्यंत. धरण सुरक्षेच्या नियमांनी या दोन्ही तपासण्या बंधनकारक आहेतच, तेव्हा वेगळी योजना आखायची गरज नाही, फक्त त्या दोन तारखांच्या मध्ये दोन माणसं हवीत. ज्याचं पद त्याच्याबरोबर संपणार आहे, त्याच्यासाठी निदान त्या सहा महिन्यांपुरता एक शिकाऊ द्या. शेऱ्याच्या रकान्यात लिहिणाऱ्याला स्पष्टीकरणाचं पत्र पाठवू नका, भेटायला जा. आणि येत्या जूनमध्ये यांपैकी कुठल्याही धरणावर नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्याला एवढंच सांगेन: पहिला महिना नकाशांबरोबर जितका काढाल, तितकाच दरवाजांवरच्या माणसांबरोबर काढा. ते ‘साहेब, जरा थांबा’ म्हणाले, तर थांबा.